शाळेने ‘आयईपी मीटिंग’ला बोलावलंय: आई-वडिलांनी तिथे करायचं काय?

शाळेच्या डायरीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ येते: ‘सोमवारी सकाळी ११ वाजता आयईपी मीटिंग. पालकांनी उपस्थित राहावे.’ आयईपी म्हणजे काय? काही तक्रार आहे का? शाळेतून काढतायत का? घरात रात्रभर हेच चालतं. सोमवारी बहुतेकदा आई एकटीच जाते. समोर चार-पाच जण बसलेले असतात. पंधरा मिनिटं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं बरंच काही तिला सांगितलं जातं. मग एक छापील कागद पुढे येतो आणि तिला नीट कळलेलं एकच वाक्य ऐकू येतं, ‘इथे सही करा.’

मी विशेष शिक्षिका आहे. असे कागद मीही पुढे केले आहेत, आणि सही झाली म्हणजे पालकांचा सहभाग झाला असं सुरुवातीची काही वर्षं मलाही वाटायचं. तसं नसतं, हे मला एका आईने शिकवलं. तिची गोष्ट पुढे येईलच. आधी त्या कागदाबद्दल बोलू.

आयईपी म्हणजे नेमकं काय?

आयईपी (Individualized Education Program) म्हणजे एका मुलापुरता केलेला शिक्षणाचा आराखडा. वर्गातल्या सगळ्यांना पुस्तक एक, वेळापत्रक एक, चाचणी एक. पण ज्याला ऐकू कमी येतं, जो स्वमग्न आहे (म्हणजे ज्याला ऑटिझम आहे), सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याच्या हातात पेन्सिल टिकत नाही, ज्याला बौद्धिक अक्षमता आहे, अशा मुलाला ते एकच माप बसत नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळं लिहून ठेवायचं: आज याला काय येतं, वर्षभरात काय यायला हवं, ते कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळ, कोणत्या साधनाने, आणि आलं की नाही हे कसं बघायचं. चांगला आराखडा दोन-तीन पानांत मावतो. बदली होऊन आलेल्या नव्या बाईंनी तो वाचला तर दुसऱ्या दिवशी त्यांना काम सुरू करता आलं पाहिजे, ही माझी कसोटी.

‘वाचनात सुधारणा होईल’ असं वाक्य आराखड्यात दिसलं तर ती शुभेच्छा समजा. ‘दिवाळीच्या सुट्टीआधी काका, मामा, बाबा असे काना असलेले दोन अक्षरी शब्द दहापैकी आठ वेळा मदतीशिवाय वाचेल’, हे झालं उद्दिष्ट. ‘व्यवहारज्ञान वाढेल’ याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही. ‘दुकानात वीसची नोट देऊन दहाचा बिस्किटपुडा आणि उरलेले दहा रुपये घेऊन परत येईल’ याचा अर्थ दुकानदारालाही कळतो, आणि ते जमलं की नाही हे मुलाची आजीसुद्धा सांगू शकते. ज्या उद्दिष्टाची परीक्षा आजी घेऊ शकत नाही ते बहुधा नीट लिहिलेलं नसतं.

माती परीक्षणाचा अहवाल आणि शेत कसणारा

पालकांना या कामात का घ्यायचं, हे समजायला शेतावर जाऊ. माती परीक्षणाचा अहवाल येतो: सामू इतका, नत्र कमी, स्फुरद बरं, पालाश भरपूर. अहवाल खरा असतो, उपयोगीही असतो. पण खालच्या कोपऱ्यात श्रावणात पाणी तुंबतं, विहिरीकडच्या पट्ट्यात हातभर खाली मुरूम लागतो आणि ओढ्याच्या बाजूने रानडुकरं येतात, हे त्या अहवालात नसतं. ते शेत कसणाऱ्याला माहीत असतं. त्याला न विचारता नुसता अहवाल बघून कुणी पेरणीचं वेळापत्रक ठरवत नाही.

मुलाच्या बाबतीत मात्र आपण हे सर्रास करतो. बुद्ध्यांक चाचणी, श्रवणचाचणी, तपासणीचे तक्ते हे सगळे माती परीक्षणाचे अहवाल. ते हवेतच. पण झटके येऊ नयेत म्हणून सकाळी आठला घेतलेल्या गोळीमुळे मूल दहा-साडेदहाला पेंगतं, आणि विशेष शिक्षक नेमका त्याच वेळी येतो, हे कोणत्या अहवालात सापडणार? श्रवणयंत्र शाळेच्या दारात चढतं आणि घराच्या दारात उतरतं, कारण घरी भावंडं त्याला चिडवतात, हे कोण सांगणार? बीडच्या ऊसतोड कुटुंबाचं उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास आई-वडील कारखान्याच्या गाडीत बसतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात मूल त्यांच्याबरोबर कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) जाणार, गावी आजीकडे राहणार की हंगामी वसतिगृहात? जूनमध्ये बारा महिन्यांचा आराखडा लिहिताना हा एक प्रश्न विचारला नाही, तर त्यातले पाच-सहा महिने कागदावरच राहतात. आणि हे विचारायला कुठलीही पदवी लागत नाही.

कुकरच्या शिट्ट्या

आता त्या आईबद्दल. मुलगा साताठ वर्षांचा, स्वमग्न, जवळजवळ बोलत नव्हता. मी तीन वेळा बसून त्याची तपासणी केली. ठोकळे मांडले, चित्रकार्डं दाखवली, मणी दिले. तो मण्यांची रांग लावायचा, पण ‘दोन दे’ म्हटलं की खिडकीबाहेर बघायचा. मी लिहिलं: संख्याज्ञान नाही, १ ते ३ वस्तू मोजता येत नाहीत. उद्दिष्ट ठरवलं: वर्षअखेर १ ते ३ मोजेल. कागद तयार करून आईला बोलावलं.

मी वाचत गेले, ती मान डोलवत राहिली. त्या ओळीपाशी ती हळूच म्हणाली, ‘पण मॅडम, तो कुकरच्या शिट्ट्या मोजतो.’ मला कळेना. ती सांगू लागली. कुकर लावला की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, कानांवर हात ठेवून. पहिली शिट्टी, दुसरी शिट्टी, हलत नाही. तिसरी झाली की येऊन तिचा पदर ओढतो, गॅसपाशी नेतो. डाळीला तीन शिट्ट्या. एकदा तिने मुद्दाम चौथी होऊ दिली, तर त्याने रडून घर डोक्यावर घेतलं.

म्हणजे ज्या गोष्टीवर मी त्याचं एक वर्ष घालवणार होते ती त्याला येत होती. त्याला ‘दोन दे’ ही सूचना कळत नव्हती, किंवा माझ्या मण्यांमध्ये मोजावं असं त्याला काही दिसत नव्हतं. संख्या मात्र त्याच्या डोक्यात होती. तो कागद मी त्या दिवशी फाडला. नवा लिहायला आम्ही दोघी सव्वा तास बसलो. त्यात तिने मला आणखी तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एकही माझ्या तक्त्यात नव्हती.

आजही मला बोचतं ते हे, की ती ‘पण’ म्हणाली म्हणून हे घडलं. बहुतेक आया ‘पण’ म्हणत नाहीत. त्यांना कुणी तशी जागाच ठेवलेली नसते.

ही पद्धत आली कुठून?

आयईपी हा शब्द रूढ झाला अमेरिकेत. १९७५ सालापर्यंत तिथे लाखो दिव्यांग मुलं शाळेबाहेर होती. ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून शाळा दार लावू शकत होत्या. पालकांच्या संघटनांनी न्यायालयात लढे दिले आणि २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी प्रत्येक दिव्यांग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा हा त्या कायद्याचा कणा. आराखडा करणाऱ्या गटात कोण कोण असावं हेही त्यात लिहिलं गेलं, आणि आज तिथल्या कायद्यातल्या त्या यादीत पहिलं नाव पालकांचं आहे. पालक हे गटाचे सदस्य आहेत, आमंत्रित पाहुणे नव्हेत. पहिली तपासणी आणि पहिली सेवा सुरू करायला त्यांची लेखी संमती लागते, आराखडा वर्षातून निदान एकदा पुन्हा बघावा लागतो, आणि त्याची प्रत पालकांना फुकट द्यावी लागते.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी इथे एक माहिती: पालकांना इंग्रजी पुरेसं कळत नसेल तर मीटिंगमध्ये दुभाषा मागता येतो, आणि चर्चा पालकांना समजेल याची व्यवस्था करणं ही तिथल्या शाळा विभागाची जबाबदारी आहे. मुलाला सांभाळायला भारतातून गेलेली आजी पालकांच्या जोडीने मीटिंगला बसू शकते, कारण मुलाची विशेष माहिती असलेल्या माणसाला सोबत आणायची मुभा पालकांना आहे.

कायदा असला म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. कोलोरॅडोतल्या डग्लस काउंटीच्या एका स्वमग्न मुलाच्या आई-वडिलांचं म्हणणं होतं की, शाळा दरवर्षी जवळपास तीच उद्दिष्टं पुन्हा लिहिते. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ च्या मार्चमध्ये सर्व न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. त्या मुलाची परिस्थिती लक्षात घेऊन त्याला साजेशी प्रगती होईल असा आराखडा हवा. गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा कागद शेजारी ठेवून ते पालक बघत होते, म्हणून हे पुढे आलं. तो उद्योग आपल्याकडेही कुणालाही करता येतो.

आपल्याकडचा कायदा काय देतो?

भारतात दोन कायदे महत्त्वाचे. पहिला २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तिथे जादा शिकवणं हे एक कर्तव्य. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे दुसरं. म्हणजे शाळा पालकांना बोलावते ती मेहेरबानी करत नाही. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं ठरवलं. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा वंचित गटात समावेश झाला आणि बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला.

दुसरा, २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम १६ नुसार शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची, लागेल तो वैयक्तिक किंवा इतर आधार द्यायचा आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं. या कलमाला ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अट नाही, हे अनेक शाळांना माहीत नसतं. म्हणून ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’ हे उत्तर चुकीचं आहे. कलम ३१ मध्ये मात्र ती अट आहे: ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षण.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मीटिंग कशी घ्यायची, कोणी बसायचं, पालकांची संमती कधी घ्यायची, असा अमेरिकेसारखा तपशील आपल्या कायद्यात नाही. आराखड्याची पद्धत आपल्याकडे चालते ती विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणातून आणि समग्र शिक्षासारख्या सरकारी योजनांमधून. त्यामुळे एका शाळेत ती मनापासून होते, दुसरीत फाईलपुरती, तिसरीत होतच नाही. कायद्याने शाळेवर टाकलेली कर्तव्यं पक्की आहेत, पण ती टेबलावर आणण्याचं काम आपल्याकडे बरंचसं पालकांवर येऊन पडतं. म्हणून तर पालकांनी गप्प बसणं इथे जास्त महागात पडतं.

‘आम्हाला त्यातलं काय कळतं? तुम्हीच ठरवा’

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. त्यात आदर असतो, थोडी भीतीही असते. जास्त बोललो तर बाई मुलावर राग काढतील, ‘कटकटे पालक’ म्हणून नाव पडेल. ही भीती काल्पनिक आहे असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तसं घडतंही.

पण डॉक्टरकडे गेल्यावर आपण काय करतो? औषध डॉक्टर ठरवतात. ताप कधीपासून, रात्री वाढतो का, मागच्या वेळी कोणत्या गोळीने पुरळ आलं, हे आपण सांगतो. ते न सांगता ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं तर डॉक्टरही अडचणीत येतो. इथेही तसंच आहे. शिकवायचं कसं हे आम्हाला यायला हवं, ती आमची जबाबदारी. मूल कशाने हसतं, कशाने बिथरतं, कोणाच्या हातून जेवतं, कोणती खूण केली म्हणजे त्याला लघवीला लागली आहे असं समजायचं, ही विद्या तुमची. अंगठा उठवणाऱ्या आईकडेही ती असते. कधी कधी तिच्याकडे ती जास्त असते, कारण कागदावर टिपून ठेवायची सवय नसल्याने ती सगळं डोळ्यांत साठवते.

‘चाळीस मुलांच्या वर्गात एवढा वेळ कुठून आणायचा?’

हा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं यांतून उरलेल्या वेळात वर्ग चालवावा लागतो. विशेष शिक्षक तर एकेका शाळेत आठवड्यातून एखाद-दुसरा दिवसच पोचतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष शिक्षकांसाठी प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक असं प्रमाण ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये राज्यांना याबाबत आदेश दिले, दुसऱ्या वेळी तर पदं मंजूर करून जाहीर करा असं तारीख घालून बजावलं. पदं मंजूर होणं आणि वर्गात माणूस उभा राहणं यांत किती अंतर असतं ते आपण सगळेच जाणतो.

तरीही वेळेचा हिशेब उलटा मांडून बघा. त्या आईने सव्वा तास घेतला नसता, तर मी दहा महिने, आठवड्यातून दोन वेळा, त्या मुलाला येणारी गोष्टच त्याला शिकवत बसले असते. तो कंटाळून ओरडला असता आणि मी ‘वर्तनसमस्या’ असं आणखी एक पान जोडलं असतं. वर्षाच्या सुरुवातीचा तास-दीड तास आणि मध्ये एकदा अर्धा तास, एवढ्यावर काम भागतं.

वेळ कधी ठेवायची, हा प्रश्न मात्र शाळेने मनावर घ्यायला हवा. कामाच्या दिवशी सकाळी अकरा म्हणजे रोजंदारीवरच्या बापाची त्या दिवसाची मजुरी बुडणार. मग तो येत नाही आणि आपण ‘वडिलांना रस नाही’ असा शेरा मारतो. एका गावात आम्ही मीटिंग आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवली. बाजाराला दोघंही येतच होते. त्या वर्षी माझ्या टेबलासमोर पहिल्यांदा वडील बसले, कोथिंबिरीची पिशवी मांडीवर घेऊन.

‘पालकांच्या अपेक्षाच अवास्तव असतात’

असतात कधी कधी. ‘दहावी पास होईल ना?’ असं पहिलीतल्या मुलाबद्दल विचारलं जातं. दुसऱ्या टोकाला, ‘त्याचे वडीलही चार वर्षांनी बोलले, हाही बोलेल आपोआप’ असं म्हणून तपासणीच टाळली जाते. आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘आईनेच लक्ष दिलं नाही’ हा ठपका ठेवून मोकळी होतात. शाळेत ‘घरी अभ्यास घेत नाही का?’ असं विचारलं की त्या ठपक्यावर आमचंही शिक्कामोर्तब होतं. मीटिंगची सुरुवात या प्रश्नाने करू नये, अशी माझी सहकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. तिने तो प्रश्न सासरी रोज ऐकलेला असतो.

मोठ्या अपेक्षेला ‘ते शक्य नाही’ म्हणून दार लावण्यापेक्षा ती उलगडून बघावी. एक वडील म्हणाले, ‘मला तो बँकेत लागायला हवा.’ का, असं विचारल्यावर म्हणाले, ‘आमच्यामागे त्याने कुणापुढे हात पसरू नये.’ खरी अपेक्षा ही होती, आणि ती शंभर टक्के वास्तव आहे. पैसे ओळखणं, सही करणं, एकट्याने एसटीने जाणं हे सगळं त्यातून आराखड्यात आलं. त्यातली कोणतीच गोष्ट त्या वडिलांना कमी वाटली नाही, कारण ती कुठे जाऊन पोचते हे त्यांना दिसत होतं.

मीटिंगला जाताना

तयारी फार लागत नाही. आदल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून वहीच्या एका पानावर लिहावं: याला काय आवडतं, काय आपलं आपण करतो, कुठे अडतो, कशाला घाबरतो, वर्षभरात एकच गोष्ट आली तर कोणती यावी. आजी, काका, मोठी बहीण, प्रत्येकाला विचारा. मूल आजीजवळ जे करतं ते आईजवळ करत नाही, असं खूपदा असतं. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेवा.

फोनवरचे व्हिडिओ तर सोन्यासारखे. मूल घरी चप्पल घालतंय, ताट उचलतंय, गाण्यावर ताल धरतंय, अशी अर्ध्या-अर्ध्या मिनिटांची तीन-चार चित्रणं घेऊन जा. शाळेत न बोलणारी मुलगी घरी बाहुलीला रागावताना ऐकली, की आमचा अख्खा विचार बदलतो. राग आल्यावरचं चित्रण दाखवायला संकोच वाटतो, ते साहजिक आहे. पण तेही आम्हाला शिकवून जातं.

एकट्या जाऊ नका. नवरा येऊ शकत नसेल तर बहीण, शेजारीण, अंगणवाडी ताई, कुणीही चालेल. एकाने ऐकायचं, एकाने टिपायचं. आणि न कळलेला शब्द तिथेच अडवा: ‘मॅडम, हे मराठीत सांगा.’ ज्याला ती गोष्ट खरंच समजली आहे त्याला ती मराठीत सांगता येते.

काही प्रश्न तिथे विचाराच. कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं? मूल वर्गातच शिकणार की वेगळं बसवणार, आणि वेगळं बसवताना त्याचा कोणता तास बुडणार? (खेळाचा आणि चित्रकलेचा तास सर्वात आधी बुडवला जातो. त्याला जमणारे तास नेमके तेच असतात, तेव्हा याला हरकत घ्या.) विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? खासगी शाळा मुलासोबत बसायला वेगळी व्यक्ती ठेवा म्हणत असेल, तर तिचं काम काय, हे लेखी मागा. आराखडा पुन्हा कधी बघणार, ती तारीख तिथेच ठरवून घ्या.

सही लगेच करावी का?

वाचल्याशिवाय नको. ‘घरी नेऊन वाचतो, दोन दिवसांनी सही करून देतो’ हे वाक्य नम्रपणे म्हणता येतं. मीटिंगला यायच्या आधीच सगळे रकाने भरलेले असतील, तर ‘यात आम्ही आणलेलं कुठे घालायचं?’ असं विचारा. प्रत मिळायलाच हवी, निदान फोटो तरी. जे तोंडी कबूल झालं ते त्याच संध्याकाळी शाळेला छोट्या संदेशात लिहून पाठवा: ‘आज ठरल्याप्रमाणे मंगळवार आणि शुक्रवार, प्रत्येकी तीस मिनिटं.’ यात भांडण नाही. माणसं बदलतात, बाई रजेवर जातात, लिहिलेलं मागे राहतं.

ऐकूनच घेतलं नाही तर? आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. मग शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार दिव्यांग मुलांचा प्रवेश आणि शाळेतल्या सोयी यांसाठी जिल्हा शिक्षण कार्यालयात समन्वय अधिकारी असायला हवा, त्याच्याकडे जाता येतं. त्यापुढे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. पण माझा अनुभव असा की बहुतेक गाठी पहिल्या लेखी अर्जालाच सुटतात, कारण तोवर कुणी लिहून काही मागितलेलंच नसतं.

आणि मुलाला कुणी विचारलं का?

मूल मोठं असेल तर त्याला मीटिंगमध्ये बसवा, निदान शेवटची दहा मिनिटं. बोलता येत नसेल तर चित्रं पुढे ठेवा, बोट दाखवू द्या. आठवीतल्या एका मुलीला अध्ययन अक्षमता होती. तिच्यासाठी आम्ही मोठ्या उत्साहाने रोज एक जादा वाचनतास आखला होता. तिने एकच गोष्ट मागितली: ‘मला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका.’ जादा तासाआधी आम्ही ते लिहिलं. त्यानंतर तिची हजेरी सुधारली. वाचन सुधारायला आणखी वेळ लागला.

कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या त्या मुलाचा आराखडा आम्ही फेब्रुवारीत पुन्हा उघडला. तोवर तो पाचपर्यंत पोचला होता, मण्यांवर नाही, पोळ्यांवर. आई लाटायची, तो डब्यात मोजून टाकायचा. या वेळी ती वहीचं पान घेऊन आली होती. पुढचं उद्दिष्ट तिनेच सांगितलं आणि मी ते तिच्या शब्दांत उतरवून घेतलं: ‘जेवायला किती माणसं आहेत ते बघून तेवढी ताटं घेईल. पाहुणे आले तर जास्त घेईल.’